घाट बंद असताना वाचलेल्या प्रेमकथा

साय-बुलुन,
१९ जानेवारी १९८४

प्रिय झूराकान एजे,

तुला माझा सलाम, दाजींना सलाम, मुलांच्या कपाळाचे मुके घे. मोठा आता तुझ्या खांद्याला लागला असेल. आम्ही इथे ठणठणीत आहोत. मेंढ्या सगळ्या जागेवर आहेत. गाय आटली आहे, पण ती दर हिवाळ्यात आटतेच. सासूबाईंचे, म्हणजे आमच्या उमसुनाय अपांचे, गुडघे दुखतात आणि त्या ते कबूल करत नाहीत. तुमच्याकडेही असंच बरं चाललं असेल असं धरून पुढे लिहिते.

चार वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. त्या दिवसाबद्दल मी या पत्रात काही लिहिणार नाही, तूही वाचताना तो मधे आणू नकोस. बहिणीचं नाही, ओळखीच्या एखाद्या बाईचं पत्र समजून वाच. गंमत सांगायला बसले आहे.

आज नववा दिवस, घाट बंद आहे. बर्फ खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलंय. आम्ही रोज सकाळी खिडकीपुरतं उकरतो आणि तेवढाच उजेड घरात येतो. विजेच्या तारा पहिल्याच रात्री तुटल्या. पलीकडून रस्त्याच्या खात्याचा ग्रेडर, ते पात्याचं यंत्र, बर्फ उकरत येतोय म्हणे. वारा पडला की त्याची घरघर ऐकू येते असं लोक सांगतात. मी काही मुद्दाम कान देत नाही.

दुसऱ्या दिवशी बर्फाच्या वजनाने वाचनालयाचं आढं कडाडलं. तुला माहीत आहे, क्लबातली ती एक खोली म्हणजे माझी नोकरी. मी अर्ध्या गावाला हाका मारून पुस्तकं पोत्यांत भरली, घसरगाडीवर लादली आणि घरी आणली. चार पोती. अपा दारात कंबरेवर हात ठेवून उभ्या. म्हणाल्या, "लोकांच्या सुना माहेरून पीठ आणतात, आमची बघा."

पण तिसऱ्या दिवशी रेडिओही नाही आणि वीजही नाही म्हटल्यावर त्याच म्हणाल्या, "काढ गं एखादं. प्रेमाबिमाचं बघ. या थंडीत दुसरं काय ऐकवणार?"

त्या दिवसापासून आमच्याकडे दुपारच्या जेवणानंतर वाचन असतं. उजेड दोनेक तास चांगला मिळतो. अपा लोकरीच्या जाजमाला टाके घालतात, मी खिडकीशी बसून वाचते. ऐकायला शेजारची जिपार. तिचा नवरा खालच्या खोऱ्यात घोड्यांपाशी अडकलाय. तिच्या दारापासून आमच्या दारापर्यंत आम्ही चर खणला आणि पस्तावायची वेळ आमच्यावर आली. सकाळी येते ती दिवेलागणीलाच जाते. "स्वतःच्या गोवऱ्या वाचवते आणि आमच्या जाळते," असं अपा तिच्या तोंडावर म्हणतात. ती हसून चुलीत आणखी एक गोवरी सारते.

गोष्ट निवडणं मात्र सोपं नाही. अपांच्या अटी ऐक. सासू दुष्ट नको. नायिका खोकून मरता कामा नये. आणि शेवटी दोघं जवळ आल्यावर गव्हाच्या उताऱ्याबद्दल बोलत असतील तर ते पुस्तक सरळ चुलीत. जिपारची अट एकच. तिसाव्या पानापर्यंत मुका आला नाही तर ती घरी जाणार.

"जा की," अपा म्हणतात. जिपार काही जात नाही.

चार पोत्यांतून या अटींत बसणारी पुस्तकं काढायची म्हणजे डाळीतले खडे वेचण्यासारखं. मी पानांच्या कडा बघते. जे जास्त मळलंय ते जास्त आवडीने वाचलेलं असणार, हा माझा हिशेब. आतापर्यंत चुकलेला नाही. आमचे दिवस मजेत चाललेत एजे, विश्वास ठेव. मी इथे सुखात आहे आणि इथेच राहणार आहे. नवरा गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी सगळ्यांसमोर बोलले होते की या घराची चूल सोडणार नाही. ते तसंच आहे.

फक्त एक विचारायचं होतं. एखाद्या बाईने चारचौघांत शब्द दिला, तर तो पुढे कधी परत घेता येतो का? तुला अशा गोष्टींतलं कळतं. जिपारच्या एका मैत्रिणीसाठी विचारते आहे.

बुरुल

साय-बुलुन,
२४ जानेवारी

एजे,

पहिलं पत्र अजून कपाटावरच पडलंय. टपाल जायला घाट उघडायला हवा. म्हणून हे दुसरं लिहिते. खरं तर पहिलं फाडून टाकणार होते, पण त्यातला खोटेपणा तुला आधी दिसलेला बरा. जिपारची कोणी मैत्रीण नाही. मीच आहे.

काय झालं ते सांगते. परवा मी एक पुस्तक काढलं. घोड्यांच्या तांड्यावरचा एक गरीब तरुण आणि पलीकडच्या खोऱ्यातली एक मुलगी. सगळ्या अटींत बसणारं. पहिलं पान उघडलं आणि तिथेच अडले. त्या तरुणाचं नाव माझ्या सासऱ्यांचं. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांना जाऊन अकरा, पण ते नाव मी कधी तोंडातून काढलेलं नाही. इथेही लिहिणार नाही. लोखंडाला आपल्या भाषेत जे म्हणतात तेच त्यांचं नाव. म्हणून मी लोखंडालाही 'ते कठीण' म्हणते. कुऱ्हाडीचं कठीण, नालेचं कठीण. दुकानदाराला सवय झालीय.

"अपा," म्हटलं, "यातल्या मुलाचं नाव मला घेता येत नाही."

"का, शिवी आहे?"

"नाही हो. मोठ्यांचं आहे."

अपा इतक्या हसल्या की सुई बोटात गेली. "म्हातारा गेला तरी मधे मधे करतोय! दुसरं काहीतरी म्हण. बारसं तूच कर त्याचं."

मी त्याला 'घोडेस्वार' म्हणायला लागले. चाळीस पानं छान गेली. मग तो प्रसंग आला. बर्फात वाट बंद झालेली, मुलगी दाराशी उभी, आणि तो तीन दिवस कंबरभर बर्फ तुडवत येतोय. माझा आवाज चढला. मी पुस्तकात नव्हतेच, घाटात होते. आणि मी वाचलं, "तिने दार उघडलं. दारात एशिम उभा होता."

तोंडातून काय गेलं ते मला ऐकूनच कळलं.

"एशिम?" जिपार पुढे सरकली. "कोण एशिम गं? तो ग्रेडरवाला?"

माझे कान भाजले. एजे, हे गाव तुला माहीत आहे. बर्फ वितळायच्या आत ही गोष्ट खालच्या खोऱ्यात पोचली असती, आणि शब्द देणारी विधवा म्हणून माझं जे काही नाव आहे ते मातीत गेलं असतं. माझं नाव जाऊ दे, अपांची मान खाली गेली असती.

अपांनी सुईवरून नजर उचलली नाही. "बारसं तिने केलंय," त्या म्हणाल्या. "घोडेस्वार, घोडेस्वार किती वेळ म्हणणार? माणसाला नाव नको? एशिम चांगलं नाव आहे. तू वाच गं पुढे."

मग काय करते? वाचलं. संपूर्ण दुपार त्या तरुणाला एशिम म्हणत वाचलं. एशिम हसला. एशिमने घोड्याला पाणी पाजलं. एशिम म्हणाला, तुझ्याशिवाय मला या खोऱ्यात जागा नाही. आणि आता खरं सांगते, कारण दोन वर्षं कोणालाच सांगितलेलं नाही. त्याआधी ते नाव मी मोठ्याने कधीच घेतलं नव्हतं. भीती तर होतीच, पण त्या भीतीखाली मला इतका आनंद होत होता की मधे एकदोनदा पुस्तकात नसतानाही मी ते घेतलं.

आता तो कोण, ते लिहायलाच हवं. रस्त्याच्या खात्यात ग्रेडर चालवतो, घाटातल्या चौकीत एकटा राहतो. चाळिशीचा असेल. दोन वर्षांपूर्वी पुस्तक मागायला आला. नांगराचं किंवा यंत्राचं मागेल म्हणून मी ती फळी दाखवली, तर म्हणाला, "नको, ते दिवसभर बघतोच. काहीतरी माणसांचं द्या." तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी येतो. हात कितीही घासले तरी तेल जात नाही, प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात काळा अंगठा उमटवतो. मी नियमाप्रमाणे रागावते.

आमच्यात काही घडलेलं नाही. घडलंय ते एवढंच. गेल्या शरदात त्याने एक पुस्तक परत केलं आणि विचारलं, "यातली बाई त्याच्याबरोबर निघून का जात नाही?"

"तिने शब्द दिलाय," मी म्हटलं.

"मागितला कोणी होता?"

मी पुढच्या पुस्तकावर तारखेचा शिक्का मारला. तो तिथेच उभा. मग म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना मी येऊन विचारलं तर?" मी नको म्हटलं. त्याने पुन्हा विचारलं नाही, पण पुस्तकं न्यायचं थांबवलंही नाही.

परवापासून अपा माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ दे, राख काढ. त्यांना कळलंय. मला त्यांना सोडून जायचंय असं नाही गं. मला दोन्ही हवंय, आणि दोन्ही मागायचं तोंड मला नाही. कोणत्या तोंडाने सांगू, की अपा, तुमच्या मुलामागे मी चूल राखीन म्हटलं होतं, ते आता जड होतंय?

बुरुल

साय-बुलुन,
२९ जानेवारी

एजे! माझी एजे!

घाट उघडला. पण आधीचं आधी सांगते, नाहीतर माझ्या हातून सगळं एकदम सांडेल.

२५ तारखेला जिपार तिच्या छपरावरचं बर्फ ओढायला गेली होती. घरात आम्ही दोघीच. अपा उठल्या आणि त्यांनी एक पोतं जमिनीवर उलटं केलं. एकेक पुस्तक उजेडात धरायचं, पानांचा कोपरा बघायचा आणि डावीकडे नाहीतर उजवीकडे टाकायचं. अपांना अक्षरओळख नाही हे तुला माहीत आहे. मला वाटलं, जाळायला वेगळी काढतायत.

"मला अक्षरं येत नाहीत," त्या म्हणाल्या, "डाग येतात. हा अंगठा एकाच माणसाचा आहे. हा बघ, आणि हा. तिसऱ्या दिवसापासून तू आम्हाला एकाच माणसाची उष्टी पुस्तकं वाचून दाखवतेयस."

मी पुस्तकं पोत्यात भरायला लागले, तर त्यांनी पोतं ओढून घेतलं.

"यात विधवा असलेली गोष्ट कुठली?"

"तीन आहेत, अपा."

"ती जाते का?"

"एकीत राहते. एकीत नदीत उडी मारते. तिसरीत शिक्षिका होते."

"म्हणजे राहतेच. तिन्ही पोत्यात घाल. ज्यात ती जाते ते काढ."

"तसं नाहीये एकही."

"चार पोती पुस्तकं आणि एक बाई उंबरठा ओलांडत नाही? हे लिहिणारे काय जन्मभर बर्फात अडकले होते?" आणि मग खाली बसून, जाजम मांडीवर ओढून, "असेल एखादं. नीट शोध."

माझं काय झालं कोण जाणे. हाताला लागलं ते पुस्तक उघडलं. मेंढ्यांच्या खुरांच्या रोगांवरचं होतं. ते समोर धरून मी वाचायला लागले. एका गावात एक विधवा होती. तिला सासू होती, दुष्ट नव्हती. तोंडाने फटकळ होती, पण पहिल्या हिवाळ्यात सुनेला ताप आला तेव्हा तिने स्वतःच्या अंगावरचा कोट तिच्यावर घातला आणि स्वतः थंडीत बसून राहिली. सून तिच्यापाशी राहिली. पुढे वाचनालयात एक माणूस यायला लागला. असं सांगत सांगत मी कुठल्या कुठे गेले.

"पान उलट," अपा म्हणाल्या. "इतका वेळ एका पानावर गोष्ट राहत नाही."

मी पान उलटलं. कुजलेल्या खुराचं चित्र होतं.

"आता शब्दाचं वाच," त्या म्हणाल्या. "तिने शब्द दिला होता तो कोणाला?"

"म्हातारीला."

"म्हातारीने मागितला होता?"

मी आणखी एक पान उलटलं.

"नव्हता मागितला. म्हातारीचा मुलगा कावीळ होऊन गेला होता, ती तेव्हा धड जेवतही नव्हती, ती कसले शब्द मागणार? ही आपली उभी राहिली आणि बोलून बसली. आणि म्हातारी चार वर्षं वाट बघतेय, की कधीतरी ही पोरगी तोंड उघडेल. मी जा म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, हाकललं मला. म्हणून मी गप्प." एवढं बोलून त्यांनी दातांनी दोरा तोडला. "दोघी मूर्ख."

मी पुस्तकावर डोकं ठेवून रडले. चार वर्षांचं रडणं होतं, लवकर थांबेना.

"पुस्तक भिजेल," त्या म्हणाल्या, "सरकारी आहे." पण त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. मग म्हणाल्या, "शेवट मी सांगते. म्हातारीने तिला दिली. सून म्हणून नाही, मुलगी म्हणून. आईच्या दारातून मुलगी जाते तशी."

"आणि म्हातारी एकटी पडते?" मी विचारलं.

"चौकी इथून चार किलोमीटर. रस्ता साफ करणारा जावई मिळाला तर मुलगी लांब गेली असं कोण म्हणेल? माझ्या दारापासून सुरुवात करायला लावीन त्याला."

एजे, काल दुपारी वळणावर ग्रेडरचं नाक दिसलं. आपल्या बाजूने सगळे पुरुष फावडी घेऊन उकरत होते, बायका चहा-पाव घेऊन गेल्या होत्या. शेवटची भिंत पडली आणि आरोळी उठली. अपा त्या दुखऱ्या गुडघ्यांनी, हातात सातूच्या गरम पेजेचा वाडगा धरून, सगळ्यांच्या मधून ग्रेडरपाशी गेल्या. मी त्यांच्या मागे.

"खाली उतर," त्या म्हणाल्या. "तूच ना पुस्तकं काळी करणारा?"

तो उतरला. दाढीत बर्फ, डोळे लाल. सतरा दिवस धड झोपला नव्हता. "हो, अपा. भरून देईन."

"हे पी. आणि मला सांग, माझ्या मुलीला मागायला माणसं का पाठवत नाहीस?"

चाळीस फावडी थांबली. त्याने वाडगा दोन्ही हातांनी धरला होता. "अपा, मी विचारलं होतं. त्या नको म्हणाल्या."

अपा माझ्याकडे वळल्या. "नको म्हणालीस?"

"म्हणाले होते," मी म्हटलं.

"आणि आता?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. चाळिसाव्याला बघत होतं तसंच. त्या दिवशी मी जमिनीकडे बघत बोलले होते. काल मी मान वर केली आणि म्हटलं, "आता हो म्हणते."

"अगं, मग नाव तरी घे त्याचं!" जिपार मागून ओरडली. "लग्न झाल्यावर घेता यायचं नाही!"

लोक हसले. मीही हसले, आणि छाती भरून हाक मारली, "एशिम!" समोरच्या कड्यावरून ती परत आली. म्हातारे फावड्यांवर वाकून हसत होते. तो रडत होता, पेज दाढीत सांडत होती. अपा त्याला म्हणाल्या, "ये पुढच्या रविवारी मागायला. पण हात धुऊन ये."

त्याला आई नाही, कोणी जवळचं नाही. मागणी पक्की करताना नवऱ्या मुलाकडच्या बाईने मुलीच्या कानात डूल घालायचे, ते कोण घालणार हा प्रश्न आला तेव्हा जिपारने छाती ठोकली. "मी नवऱ्याकडची! आजपासून मी या घरात पाहुणी. मला आग्रह करून वाढायचं." अपांनी कपाळावर हात मारला.

मार्चच्या पहिल्या रविवारी डूल आणि लग्न, दोन्ही ठरलंय. आणि आता ते, जे तीन पत्रं मी टाळत आले.

चाळिसाव्याला तू मला न्यायला आली होतीस. त्या श्रीमंत बिजवराचा विषय तू काढलास तो मला आवडला नव्हता, अजूनही आवडत नाही. पण त्यानंतर तू म्हणालीस, "बुरुल, तू मेलेल्या माणसामागे लपतेयस," ते खरं होतं. मला राग आला तो त्याचाच. तुझ्याबरोबर जायचं नव्हतं, राहायचंय का ते माहीत नव्हतं. कोणी विचारलं असतं की तुला काय हवंय, तर मला सांगता आलं नसतं. म्हणून सगळ्यात मोठा वाटणारा शब्द मी उचलला आणि दिला. आणि तू हात धरलास तेव्हा तो झटकून सगळ्यांदेखत म्हणाले, "मला बहीण नाही." तू तशीच निघालीस. फाटकाच्या खिळ्यात तुझी शाल अडकली. तू ती सोडवत होतीस आणि मी उंबऱ्यात उभी राहून बघत होते. दोन पावलं होती एजे. मी आले नाही.

माझं चुकलं. याहून मोठा शब्द आता शोधत नाही.

काल अपा म्हणाल्या, "मुलीची बाजू म्हणजे मी एकटी म्हातारी? त्या रागीट बाईला बोलाव. मला तिची भीती वाटते, पण ती आल्याशिवाय डूल घालू देणार नाही." आणि मग अगदी हळू, "तिचं खरं होतं म्हणावं."

ही तिन्ही पत्रं एका पाकिटात घालून एशिमजवळ देते आहे. आज ग्रेडर परत खाली जातोय, तोच टपालात टाकेल. तू नाही आलीस तरी लग्न होईल. मी हो म्हटलंय आणि ते आता कोणी हलवू शकत नाही. पण अपांच्या शेजारची जागा मी कोणाला देणार नाही. दिवसभर रिकामी राहिली तरी चालेल. रागाने ये, भांडायला ये, पण ये.

आधीच्या दोन पत्रांखाली नुसतं नाव लिहिलं होतं. नावाआधीचे दोन शब्द लिहायचा धीर तेव्हा नव्हता.

तुझी बहीण,
बुरुल